सासरे व्हिएतनामला होते, नवऱ्याला जन्मतः स्पायना बायफिडा: अमेरिकेत दावा कसा करायचा

व्हिएतनामला गेलेल्या अमेरिकी सैनिकाच्या मुलाला स्पायना बायफिडा, म्हणजे गर्भात कणा नीट न मिटण्याचा दोष, असेल तर अमेरिकेचे माजी सैनिक खाते त्याला मासिक भत्ता देते. त्याबद्दलचा प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका ताईंचे सासरे अमेरिकी लष्करातून १९६८-६९ मध्ये व्हिएतनामला होते. ते आता हयात नाहीत आणि त्यांची कागदपत्रे घर बदलताना गहाळ झाली. नवऱ्याचा जन्म १९७० चा. जन्मताच पाठीवर उघडी गाठ होती, दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. आज ते पायाला ब्रेस लावून चालतात आणि लघवीसाठी दिवसातून चार-पाच वेळा कॅथेटर घालतात. मुलीचा एक पाय जन्मतः वाकडा होता. कोणीतरी सांगितले, "रक्तात डायॉक्सिन सापडल्याशिवाय काही मिळणार नाही." ताई विचारतात, हे खरे का, आणि सुरुवात कुठून करायची?

ताई, हे खरे नाही. रक्ततपासणीवर एक डॉलरही घालवू नका. एजंट ऑरेंज म्हणजे अमेरिकेने व्हिएतनाम युद्धात फवारलेले, २,४-डी आणि २,४,५-टी या दोन तणनाशकांचे निम्मे-निम्मे मिश्रण. त्यातल्या २,४,५-टी मध्ये ते बनवतानाच टीसीडीडी नावाचे डायॉक्सिन हे विष उतरत असे. शरीरात गेलेले हे डायॉक्सिन निम्मे व्हायला साधारण सात ते अकरा वर्षे लागतात. सासऱ्यांचा संपर्क पंचावन्नहून जास्त वर्षांपूर्वीचा, आणि तुमचे पती तर तिथे गेलेलेच नाहीत. आज त्यांच्या रक्तात जे सापडेल ते तुमच्या-माझ्या रक्तातही असेल, कारण दूध, मांस, मासे यांतून थोडे डायॉक्सिन सगळ्यांच्याच पोटात जाते. तपासणी महाग आहे, निकालातून काहीच सिद्ध होत नाही आणि मुख्य म्हणजे कायदा ती मागत नाही.

कायदा तीनच गोष्टी मागतो: वडील ठरलेल्या काळात ठरलेल्या ठिकाणी होते, मूल त्यांचे स्वतःचे आहे आणि ते तिथे पहिल्यांदा गेल्यानंतर गर्भ राहिला, आणि मुलाला स्पायना बायफिडा आहे, पण 'ऑकल्टा' या सौम्य प्रकारचा नाही. या तीन गोष्टी कागदावर आल्या की रसायनामुळेच हे झाले का, हा प्रश्न सरकार विचारत नाही. तो संबंध कायद्याने गृहीत धरलेला आहे. अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे विज्ञान सिद्ध करायच्या मागे लागतात आणि खऱ्या तीन कागदांकडे लक्षच जात नाही. दावे बुडतात ते तिथे.

हे गृहीतक आले कसे, हेही माहीत असू द्या, कारण पुढे कोणी घाबरवले तर उपयोगी पडेल. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी विमानांनी दक्षिण व्हिएतनामवर काही कोटी लिटर पर्णनाशके फवारली. १९९१ च्या एजंट ऑरेंज कायद्याने शास्त्रज्ञांच्या स्वतंत्र समितीला पुराव्याचा वेळोवेळी आढावा घ्यायला सांगितले. १९९६ च्या आढाव्यात समितीने सैनिकांच्या मुलांमधल्या स्पायना बायफिडासाठी पुरावा 'मर्यादित किंवा सूचक' आहे असे म्हटले. काँग्रेसने त्याच वर्षी कायदा केला आणि तो १ ऑक्टोबर १९९७ पासून लागू झाला. पुढे २०१६ मध्ये आलेल्या अहवालात त्याच समितीच्या मालिकेने हा पुरावा एक पायरी खाली आणून 'अपुरा' या गटात टाकला. कोणी तो अहवाल पुढे करून "आता तुमचा हक्क गेला" म्हणाले तर मनाला लावून घेऊ नका. हक्क कायद्यातून आलेला आहे, आणि कायदा आजही तसाच आहे.

आता पहिला कागद: सासऱ्यांची सेवा. लष्करी सेवेतून सुटकेचे प्रमाणपत्र डीडी-२१४ हरवले असेल तर सेंट लुईसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरकडे स्टँडर्ड फॉर्म १८० भरून मागवा. सैनिक हयात नसेल तर पुनर्विवाह न केलेली पत्नी, आईवडील, मुले किंवा भावंडे मागू शकतात. तुम्ही सून आहात, म्हणून अर्जावर सही पतीची घ्या आणि सोबत सासऱ्यांच्या मृत्यूचा दाखला जोडा. "१९७३ च्या आगीत सगळे जळाले" असे कोणी सांगेल. ती आग खरी आहे, पण तिच्यात गेल्या त्या १९६० पूर्वी लष्करातून आणि १९६४ पूर्वी हवाई दलातून सुटलेल्यांच्या फायली. १९६९ नंतर सुटलेल्या लष्करी माणसाची फाईल त्या आगीत जायचे कारण नाही.

फॉर्मवर फक्त डीडी-२१४ मागू नका, संपूर्ण सेवाफाईल मागा. कारण असे की डीडी-२१४ वर कधी कधी 'परदेशी सेवा: १ वर्ष' एवढेच असते, देशाचे नाव नसते. छातीवरचे व्हिएतनाम सर्व्हिस मेडलही एकटे पुरत नाही. ते थायलंडमध्ये किंवा समुद्रात असलेल्यांनाही मिळाले होते. लष्करी फाईलीत डीए फॉर्म २० नावाचे जाड कार्ड असते. त्यात परदेशी सेवेचा रकाना आणि नेमणुकांची यादी असते, आणि 'यूएसएआरव्ही' (व्हिएतनाममधले अमेरिकी लष्कर) असे लिहून तारखा दिलेल्या असतात. ते कार्ड हाताशी आले की पहिला मुद्दा संपला. कार्ड नसेल तर प्रवासाचे आदेश, युद्धक्षेत्रातल्या वेतनाची नोंद, तिथल्या इस्पितळाची चिठ्ठी, सासूबाईंनी जपलेली पत्रे आणि पाकिटावरचा एपीओ सॅन फ्रान्सिस्को हा लष्करी टपालाचा पत्ता, असे जे मिळेल ते जोडा. जमिनीवर एक दिवस पाय ठेवला असला तरी पुरते, फवारणीच्या जागी असल्याचा पुरावा लागत नाही. नौदलातल्यांचे वर्षानुवर्षे अडत असे, पण २०१९ च्या जानेवारीत फेडरल सर्किट न्यायालयाने किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचे पाणीही 'व्हिएतनाम' मध्ये धरले. त्यांच्यासाठी जहाजाची डेक लॉग ही नोंदवही महत्त्वाची.

सासऱ्यांनी स्वतः कधी दावा केला नव्हता, म्हणून अडत नाही. सुटका सन्मानाची नव्हती, तरी या भत्त्याला अडत नाही. सेवेचा शेरा कसाही असला तरी मुलाचा हक्क राहतो, असे नियमातच आहे. ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते, आणि लाजेपोटी कित्येक घरांत अर्जच होत नाही.

काळाची मर्यादा व्हिएतनामसाठी ९ जानेवारी १९६२ ते ७ मे १९७५. कोरियाच्या सीमापट्टीत काम केलेल्यांसाठी १ सप्टेंबर १९६७ ते ३१ ऑगस्ट १९७१. थायलंडचा समावेश २०१९ च्या कायद्याने झाला. पण या सगळ्या हक्कांना अमेरिकी सैन्यातली सेवा लागते. व्हिएतनाममधल्या आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते आणि आपलेही सैनिक तिथे होते. त्यांच्या मुलांना हा कायदा लागू नाही. मराठी घरांतून हे कधी कधी विचारले जाते, म्हणून सांगितले.

दुसरा कागद: नाते आणि गर्भधारणेची तारीख. मूल औरस असो वा नसो, त्याचे आज वय काय, लग्न झाले का, याने काही बिघडत नाही. दत्तक मूल मात्र चालत नाही. जन्मदाखल्यावर वडिलांचे नाव असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर न्यायालयाचा पितृत्वाचा आदेश किंवा डीएनए चाचणी, आणि वडील हयात नसतील तर जवळच्या नातेवाइकांशी जुळवून केलेली चाचणी. नावातले स्पेलिंग दोन्ही दाखल्यांवर वेगळे असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र आधीच जोडून द्या.

तारखेचे गणित साधे आहे: जन्मतारखेतून २६६ दिवस मागे जा. समजा सैनिक ३ मार्च १९६८ ला पहिल्यांदा सायगावला उतरला. सप्टेंबरात त्याला हवाईत आठवडाभर सुट्टी मिळाली, बायको तिथे भेटायला आली आणि मूल १२ जून १९६९ ला झाले. २६६ दिवस मागे गेले की १९ सप्टेंबर १९६८ येते. तैनाती अजून संपलेली नव्हती, तरी हे मूल पात्र आहे, कारण अट पहिल्या पावलानंतरची आहे, परत आल्यानंतरची नाही. त्याच सैनिकाला १२ ऑक्टोबर १९६८ ला मूल झाले असते तर गणित २० जानेवारीवर जाते, म्हणजे तो निघण्याआधीवर, आणि दावा फेटाळला जातो. मूल दिवस भरण्याआधी झाले असेल तर किती आठवड्यांचे होते ते इस्पितळाच्या कागदावरून दाखवा, नाहीतर अधिकारी पूर्ण दिवसांचे गणित करतो. तुमच्या पतींचा जन्म १९७० चा आहे, सासरे १९६९ मध्ये परतलेले. तुम्हाला इथे काळजी नाही.

तिसरा कागद निदानाचा, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. स्पायना बायफिडा म्हणजे गर्भात पाठीचा कणा नीट न मिटणे. त्यातला ऑकल्टा हा प्रकार, म्हणजे हाडात बारीकशी फट पण मज्जातंतू शाबूत, पुष्कळ निरोगी माणसांतही एक्स-रेवर दिसतो. कायद्याने तेवढाच एक प्रकार वगळला आहे. अडचण अशी की डॉक्टर घाईत नुसते 'स्पायना बायफिडा' लिहितात. लायपोमायलोमेनिंगोसीलसारख्या, वरून त्वचा झाकलेल्या गाठीलाही कोणी कोणी सैलपणे 'ऑकल्टा' म्हणतात. तो एक शब्द कागदावर आला की दावा नामंजूर. म्हणून न्यूरोसर्जन किंवा न्यूरॉलॉजिस्टकडून असे पत्र घ्या: "रुग्णाला जन्मतः कमरेच्या भागात मायलोमेनिंगोसील (मज्जातंतूंसह बाहेर आलेली उघडी गाठ) होते. ते दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेने बंद केले. एमआरआयमध्ये अमुक मणक्यांवर त्याच्या खुणा दिसतात. हा स्पायना बायफिडा ऑकल्टा नाही." शेवटचे वाक्य जसेच्या तसे हवे.

१९७० ची इस्पितळाची कागदपत्रे बहुधा नष्ट झालेली असतात. घाबरू नका. पाठीवरचा जुना व्रण, आजचा एमआरआय, डोक्यात शंट (साठलेले पाणी काढणारी नळी) असेल तर त्याची नोंद, शाळेच्या विशेष शिक्षणाच्या फायली, आणि त्या काळी प्रत्येक राज्यात चालणाऱ्या अपंग मुलांच्या सेवा योजनेच्या नोंदी, हे सगळे चालते. सासूबाई हयात असतील तर त्यांचे निवेदन फॉर्म २१-१०२१० वर घ्या: बाळ जन्मले तेव्हा पाठीवर काय दिसले, कुठल्या इस्पितळात हलवले, किती दिवस ठेवले. आईच्या तोंडून आलेला असा तपशील वजनदार असतो. तो आजच लिहून घ्या.

आता भत्त्याची पातळी. पातळ्या तीन आहेत आणि त्या चार गोष्टींवर ठरतात: चालणे, हातांची ताकद, बुद्ध्यांक, आणि लघवी-शौचावरचा ताबा. पहिली पातळी म्हणजे आधाराशिवाय चालणारा, हात ठीक, बुद्ध्यांक ९० किंवा वर, औषध वा साधनाशिवाय ताबा असलेला. तिसरी म्हणजे मुख्यतः व्हीलचेअरवर असलेला, किंवा हाताने पेन धरणे, जेवणे, स्वतःची निगा राखणे न जमणारा, किंवा बुद्ध्यांक ६९ वा खाली, किंवा औषध वा साधन वापरूनही आठवड्यातून किमान तीन वेळा जागेपणी सलग तीन तास कोरडा राहू न शकणारा. शौचाच्या गळतीसाठीही वेगळे निकष आहेत. मधली दुसरी. चारांपैकी कुठल्याही एका बाबतीत माणूस वरच्या पातळीला पोचला की ती पातळी मिळते, सरासरी काढत नाहीत.

तुमच्या पतींना ब्रेस आहे आणि कॅथेटर आहे. दोन्हींपैकी एकानेच दुसरी पातळी ठरते. पण कॅथेटर घालूनही गळती होत असेल, दिवसभर पॅड लागत असेल, तर ते स्पष्ट लिहून घ्या. पुरुष डॉक्टरपुढेही "ठीक आहे, जमतंय" म्हणून मोकळे होतात, आणि तेच फाईलीत जाते. दोन आठवड्यांची साधी वही करा: किती वाजता कॅथेटर, किती वेळा कपडे ओले, शौचासाठी कोणते औषध वा एनिमा, घरात किती पावले चालणे होते आणि बाहेर खुर्ची लागते का. ती वही यूरॉलॉजिस्टला दाखवा आणि त्यांच्या नोंदीत उतरवून घ्या. खासगी डॉक्टरांचा अहवाल पुरेसा तपशीलवार असेल तर खाते वेगळी तपासणी न करताही पातळी ठरवू शकते. प्रकृती पुढे बिघडली तर नवा वैद्यकीय पुरावा देऊन पातळी वाढवून मागता येते. चाळिशी-पन्नाशीनंतर खांदे झिजून ब्रेसवरून खुर्चीवर येणारे पुष्कळ असतात आणि ते मागायचेच विसरतात.

अर्ज फॉर्म २१-०३०४ वर करायचा. हे दावे डेन्व्हरचे प्रादेशिक कार्यालय हाताळते. रजिस्टर्ड टपालाने पाठवा, पोच ठेवा, प्रत्येक पानाची प्रत ठेवा. एक कळकळीची विनंती: सगळे पुरावे जमेपर्यंत अर्ज अडवून ठेवू नका. भत्ता सर्वसाधारणपणे अर्ज पोचल्याच्या तारखेपासून सुरू होतो, जन्मापासून किंवा १९९७ पासून नाही. जन्मानंतर वर्षाच्या आत अर्ज केला तरच जन्मतारीख धरतात. सेंट लुईसहून फाईल यायला महिने लागले तर तेवढे महिने कायमचे जातात. अर्ज आधी, पुरावा मागाहून.

भत्ता मंजूर झाला की वैद्यकीय सेवाही सुरू होते. २००८ च्या दुरुस्तीनंतर ती फक्त पाठीच्या दुखण्यापुरती नाही, सर्व आजारांसाठी आहे. इस्पितळाने बिल आधी तुमच्या विमा कंपनीला लावले तर गुंता होतो, म्हणून नोंदणीच्या खिडकीवरच सांगा की पैसे देणारे हे एकटे खाते आहे. व्यवसाय प्रशिक्षणाचाही हक्क आहे, २४ महिन्यांपर्यंत आणि गरजेनुसार आणखी २४. आणि ज्याची सगळ्यांना धास्ती असते ते: या भत्त्यामुळे एसएसआय (गरजूंचा सरकारी भत्ता) किंवा मेडिकेड (गरजूंची सरकारी आरोग्य योजना) कमी होत नाही. कायद्याने हा भत्ता त्या योजनांसाठी उत्पन्न धरायचाच नाही असे म्हटले आहे. स्थानिक कार्यालयातला कर्मचारी चुकून धरतो, तेव्हा संयुक्त राज्य संहितेच्या शीर्षक ३८ मधले कलम १८३३(सी) दाखवा.

नकार आला तर पत्राच्या तारखेपासून एक वर्ष हातात असते. तीन वाटा आहेत. नवा आणि संबंधित पुरावा असेल तर पुरवणी दावा, फॉर्म २०-०९९५. पुरावा फाईलीत होता पण नीट वाचला नाही असे वाटत असेल तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी, फॉर्म २०-०९९६, पण इथे नवा कागद देता येत नाही. तिसरी वाट अपील मंडळाची, फॉर्म १०१८२. 'ऑकल्टा' शब्दामुळे फेटाळले असेल तर दुरुस्त पत्रासह पुरवणी दावा हाच जवळचा रस्ता. रागाच्या भरात सरळ मंडळाकडे जाऊ नका, तिथे वेळ फार जातो.

मदत फुकट मिळते. डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स, व्हिएतनाम व्हेटरन्स ऑफ अमेरिका, अमेरिकन लीजन यांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी पैसे घेत नाहीत. पहिल्या अर्जासाठी कोणीही फी मागितली तर ते बेकायदा आहे. पहिल्या निर्णयानंतर वकील घेता येतो, आणि थकबाकीच्या २० टक्क्यांपर्यंतची फी वाजवी मानतात.

आता मुलीबद्दल. हे लिहिताना वाईट वाटते, पण खोटी आशा देणार नाही. हा कायदा सैनिकाच्या मुलापाशी थांबतो, नातवंडांपर्यंत येत नाही. वाकडे पाऊल मान्य यादीत आहे, पण ती यादी स्वतः व्हिएतनामला गेलेल्या स्त्री-सैनिकांच्या मुलांसाठी आहे. २००० सालच्या कायद्याने आईच्या बाजूने फाटलेला ओठ, जन्मजात हृदयदोष, वाकडे पाऊल असे बरेच दोष मान्य झाले. वडिलांच्या बाजूने मात्र एकच. दक्षिण कोरियाने आपल्या सैनिकांच्या मुलांसाठी स्पायना बायफिडाबरोबर परिघीय मज्जातंतूंचा विकार आणि पाय लुळे करणारे मणक्याचे विकारही मान्य केले. ऑस्ट्रेलियाने फाटलेला ओठ-टाळू, ॲड्रिनल ग्रंथीचा कर्करोग आणि एक प्रकारचा रक्ताचा कर्करोग जोडला. रसायन तेच आणि पुरावाही तोच, तरी तीन देशांच्या तीन याद्या. आणि जिथे ते विष पडले तिथल्या लोकांना अमेरिकी न्यायालयांनी काहीच दिले नाही. व्हिएतनामी पीडितांचा दावा न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २००५ मध्ये फेटाळला आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऐकायलाही नकार दिला. पत्रकार त्रान तो न्गा यांनी फ्रान्समध्ये रसायन कंपन्यांवर भरलेला खटला २०२१ मध्ये आणि मग अपिलात २०२४ मध्येही टिकला नाही. तेव्हा मुलीचे नाव यादीत नाही म्हणून तिचे दुखणे खरे नाही, असा अर्थ कुणी काढू नये.

२०१६ च्या कायद्याने सैनिकांच्या वंशजांवरील परिणामांचा अभ्यास करायला सांगितले आहे. यादी वाढली तर ती अशाच माहितीवर वाढेल. म्हणून मुलीच्या जन्माची कागदपत्रे, शस्त्रक्रिया आणि प्लास्टरच्या नोंदी, आजोबांच्या सेवेचा पुरावा एका फाईलीत ठेवा, आणि बर्थ डिफेक्ट रिसर्च फॉर चिल्ड्रन या संस्थेच्या राष्ट्रीय नोंदवहीत तिची माहिती भरा. त्यातून आज पैसा मिळणार नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो. सासऱ्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण काय आहे ते पाहा. हृदयधमनीचा विकार, दुसऱ्या प्रकारचा मधुमेह, प्रोस्टेट किंवा फुप्फुसाचा कर्करोग, पार्किन्सन, किंवा २०२२ नंतर मान्य झालेला उच्च रक्तदाब यांपैकी काही मृत्यूचे कारण वा हातभार म्हणून लिहिले असेल, तर सासूबाईंना स्वतंत्र मासिक भरपाई मागता येते. फॉर्म २१पी-५३४ईझेड. सेंट लुईसहून येणारी तीच फाईल तिथेही लागेल, म्हणून मागवतानाच दोन प्रती काढून ठेवा.